बिऱ्हाडात दप्तरही असू द्या

दसरा झाला की बीड जिल्ह्यात गावोगाव बांधाबांध सुरू होते. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या भागांतली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते. गाडी आली की निघावेच लागते.

एकाच ट्रकमध्ये अनेक संसार मावायचे असतात. ज्वारी-बाजरीची पोती, तवा, परात, घागर, गोधड्या, कोपीसाठी ताडपत्री आणि कोयते. जमले तर एखादी शेळी. सगळ्यांत शेवटी, सामानावर, लेकरे. पाच-सहा महिन्यांच्या संसाराचा हा हिशेब आयाबायांना तोंडपाठ असतो.

या हिशेबात पुष्कळदा एक वस्तू मागे राहते. ती म्हणजे मुलाचे दप्तर. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघेही पहाटे फडात गेले की धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी लागते. हंगाम संपतो मार्च-एप्रिलला. तोवर शाळेचे दुसरे सत्र हातचे गेलेले असते. अशी दोन-तीन वर्षे गेली, की मुलगी वर्गात मागे पडते आणि पुढे शाळाच सुटते.

म्हणून बिऱ्हाड बांधण्याआधी मूल गावीच राहू शकेल का, ते पाहावे. आजी-आजोबा आहेत का? गावात हंगामी वसतिगृह आहे का? ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली आहे. त्याची चौकशी शाळेत करावी.

नेणे भागच असेल, तर पुस्तकांबरोबर दोन कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घ्या. पहिला, शाळेकडून मिळणारे शिक्षण हमी कार्ड. ते तिथल्या शाळेत दाखवा. कागद हरवला तरी घाबरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. दुसरा, लहानग्याचे लसीकरण कार्ड. राहिलेले डोस तिथल्या सरकारी दवाखान्यात देता येतात.

साखरपट्ट्यातल्या श्रोत्यांनाही एक विनंती. फडाशेजारी कोप्या उभ्या राहिल्या, की तिथे मुले किती आहेत ते गावच्या शाळेला कळवा. लेकरू दप्तर घेऊन आले, पण शाळेने त्याला ओळखलेच नाही, तर त्या दप्तराचा उपयोग काय?