घाणेरीच्या मुळाशी

घाणेरी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. कुणी तिला टणटणी म्हणतं. लहानपणी तिची काळी फळं आम्ही खात असू. (हिरवी विषारी असतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं!) ही बाई मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली आणि घरातच शिरली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशाच्या व्याघ्रक्षेत्रातलं दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक जंगल तिनं व्यापलं आहे.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असताना एका डिसेंबरात मुलांना घेऊन टेकडीवर श्रमदान केलं. कोयत्यानं घाणेरी साफ केली, फोटो काढले. पावसाळ्यानंतर जाऊन पाहिलं, तर एकेका खुंटातून आठ-दहा फुटवे! एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आपण झाडं काढली की छाटणी केली?" मला उत्तर देता येईना.

मग आम्ही उकरू लागलो. खोड आणि मूळ जिथं जुळतं, तिथून फुटवे येतात, आणि तो भाग मातीच्या जरा खाली असतो. कोयता तिथवर पोहोचतच नाही. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात नेमकं हेच हेरलं होतं. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळू द्यायचं. जाळायचं नाही, औषध मारायचं नाही.

पण काम तिथं संपत नाही. बुलबुलासारखे पक्षी फळं खाऊन झाडावर बसतात आणि खाली रोपांचा गालिचा उगवतो. ती रोपं पुढची दोन-तीन वर्षं उपटावी लागतात. मोकळ्या जागेत देशी गवत लावलं नाही, तर घाणेरी जाऊन रानमोडी यायची!

तरुण श्रोत्यांना इथं पुष्कळ काम आहे. कोकणातल्या जांभ्यात मूळ कसं वाढतं, देशावरच्या मुरमाड जमिनीत कसं? पवना आणि मारवेलपैकी कोणतं गवत तिला आवर घालतं? कुदळ, चाळण, वजनकाटा आणि वही एवढ्यावर सुरुवात होते. अभयारण्यात मात्र मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी. गावामागच्या टेकडीवर जमीनमालकाची पुरते.

खरी अडचण वेगळीच आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प वर्षात संपतो आणि इथं उत्तर मिळायला तीन पावसाळे लागतात. म्हणून आमच्याकडे एक तुकडी पुढच्या तुकडीच्या हाती वही देत गेली. त्या वहीत पहिलं अक्षर तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं आहे.

टेकडीवर मी अजून जातो. अर्ध्या भागात गुडघाभर पवना आहे, अर्ध्यात घाणेरी. तो अर्धा भाग आम्ही तुलनेसाठी मुद्दाम तसाच ठेवला आहे. येणारे-जाणारे मात्र विचारतात, "सर, एवढं काम अर्धवट का सोडलंत?"