आधी कागदावर



सूत्रसंचालन करणाऱ्या मैत्रिणीने ‘हा कॉम्प्युटर शिकवतो’ अशी माझी ओळख करून दिली. पण इथे पडेगावात मी जो वर्ग चालवतो, तिथे पहिले काही आठवडे कॉम्प्युटर बंदच असतो. वाळूजच्या कारखान्यांतून, शहरातल्या बँकांतून ड्यूटी आटोपून आलेली माणसं पेन्सिल आणि कोरा कागद घेऊन बसतात. विषयाचं नाव भारदस्त: स्ट्रक्चर्ड सिस्टिम ॲनालिसिस अँड डिझाइन. डोएकच्या ‘ए’ लेव्हलला हा पेपर असायचा, तेव्हापासून मी तो शिकवतो आहे. विद्यापीठाच्या आवारातलं डोएकचं केंद्र तुमच्यापैकी काहींना आठवत असेल; आता त्याला नाइलिट म्हणतात.

पद्धत मूळची अमेरिकेतली, 1970 च्या दशकाच्या अखेरीस टॉम डिमार्को वगैरे मंडळींनी रुजवलेली. तिचा गाभा म्हणजे एक साधी आकृती. काम असेल तिथे गोल, माहिती साठते तिथे दोन समांतर रेघा, बाहेरचा माणूस म्हणजे चौकोन, माहिती जाते तिकडे बाण. ज्याने ऑफिसात आवक-जावक सांभाळली आहे, त्याला ती पाच मिनिटांत कळते. आणि कळायलाच हवी, कारण ती चूक की बरोबर हे ठरवणार तोच.

उदाहरण म्हणून मी नेहमी शाळा सोडल्याचा दाखला देतो. नवा माणूस जनरल रजिस्टरपासून थेट पालकापर्यंत बाण ओढतो. मी म्हणतो, अरे, रजिस्टर स्वतः उठून दाखला देतं का? कुणीतरी नोंद शोधली, उतरवली, मुख्याध्यापकांनी सही केली. मग ‘दाखला दिला’ असा शेरा रजिस्टरात परत गेला. हा परतीचा बाण राहिला, की पुढे दुसऱ्यांदा दिलेल्या दाखल्यावर ‘दुय्यम प्रत’ कोण लिहिणार?

आता सांगा, आपल्या वर्गात 1 जूनला जन्मलेले किती? (हशा.) जन्मनोंद नसलेल्या लेकराला गुरुजींनी वयाच्या अंदाजाने ती तारीख लावून दिली. माझा एक विद्यार्थी म्हणाला, सर, एवढ्या सगळ्यांची एकच तारीख, डेटा खराब आहे, साफ करू. त्याला म्हटलं, बाबा, त्याच तारखेवर लोक नोकरीला लागले आणि निवृत्त झाले. हात लावू नकोस.

जातीच्या रकान्याचं तर त्याहून नाजूक. पडताळणीच्या वेळी बापाची, आजोबाची शाळेतली जुनी नोंद मागतात. मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदी उर्दूत सापडतात. स्क्रीनवर ठरावीक नावांची यादी देऊन त्यातलं एक निवडायला लावलं, तर मूळ लिहिलेला शब्द गेला, आणि त्याबरोबर कुणाच्या तरी नातवाची ॲडमिशन. म्हणून नोंद जशी आहे तशी एका रकान्यात आणि तिचा आजचा अर्थ वेगळ्या रकान्यात ठेवायचा. हे पुस्तकातून नाही कळत, रजिस्टर उघडून क्लार्कशेजारी बसावं लागतं.

तरुण सहकारी म्हणतात, ही पद्धत जुनी झाली. झालीच आहे. चिन्हं बदलली, आता तर प्रोग्रॅमही मशीन लिहून देतं. पण शेरा कुठल्या रकान्यात लिहितात ते मशीनला कोण सांगणार?

शाळेची जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर घ्यायची आहेत, असं मुख्याध्यापक मघाशी म्हणाले. माझी मुलं येतील. फक्त कार्यालयातल्या बाईंनी आमच्यासाठी दोन दुपारी मोकळ्या ठेवाव्यात, चहा आमच्याकडून.