पुस्तकांची पेटी आणि वाचनयंत्र

परमुलखात बिऱ्हाड करणाऱ्या वाचकाच्या सामानात सर्वांत जड पेटी पुस्तकांची असते. भिलाईच्या मराठी कुटुंबांना हे सांगावयास नको. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि दुर्ग जिल्ह्यातील या माळावर प्रांतोप्रांतीची माणसे वस्तीला आली. त्यांत मराठी माणसेही होती. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. पुढे विदर्भ मुंबई राज्यात गेला, भिलाई मध्य प्रदेशात राहिली आणि २००० साली छत्तीसगडात आली. मराठी पुस्तकांची भरलेली बाजारपेठ मात्र अडीचशे किलोमीटरांहून दूर, नागपुरासच राहिली.

अशा वाचकाला वाचनयंत्राचे मोल विशेष वाटावे, यात नवल नाही. या यंत्राच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात. त्यांतील काळे-पांढरे कण विजेच्या प्रभावाने खालीवर होतात आणि अक्षर उमटते. उमटलेले अक्षर टिकवण्यास वीज लागत नाही, म्हणून यंत्र अनेक दिवस चालते. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मोतीबिंदूने गांजलेल्या वृद्धाला ही सोय लहान नव्हे. २०१६ च्या डिसेंबरात किंडल या यंत्रावर मराठी पुस्तकांची सोय झाली आणि नागपूरचे अंतर जणू मिटले.

मग घरातील कपाट रिकामे करावे काय? वाचनाचे साधन बदलले की शंका उठतातच. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले, तेव्हा छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी बिचकत. त्यांच्यासाठी तुपाची शाई वापरल्याचे सांगतात. ती शंका काळाबरोबर विरली. कागदाच्या वासाची आजची हळहळही कदाचित विरेल. परंतु दोन शंका इतक्या सहज विरणाऱ्या नाहीत.

पहिली मालकीची. २००९ साली अमेरिकेत जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून विक्रेत्याने परस्पर काढून घेतली. ती हक्कावाचून विक्रीस आली होती आणि किंमतही परत मिळाली, हे खरे. तथापि विकलेले पुस्तक घरात शिरून परत नेण्याचे सामर्थ्य कागदी पुस्तकाच्या दुकानदारापाशी कधीच नव्हते.

दुसरी शंका अधिक जवळची. भिलाईतील मराठी घरचे मूल शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकते. हिंदीमुळे देवनागरी अक्षर त्याच्या ओळखीचे होते, पण मराठी भाषा त्याला घरातच भेटते. कपाटातील पुस्तक त्याच्या नजरेस पडते, कंटाळलेल्या दुपारी हाती येते आणि न समजताही चाळले जाते. आजोबांच्या यंत्रातील शंभर पुस्तके त्याला दिसतच नाहीत. जो शोधतो त्याला यंत्र सारे काही देते. ज्याला शोधण्याची इच्छाच अजून झालेली नाही, त्याला ते हाक मारीत नाही.

तेव्हा दोहोंची वाटणी करणे शहाणपणाचे. एकदा वाचून बाजूला ठेवण्याची पुस्तके यंत्रात खुशाल असावीत; पुढच्या पिढीच्या हाती पडावीत असे वाटते, ती मुलांचा हात पोचेल अशा फळीवर ठेवावीत. आणि यंत्रातील एखादी गोष्ट रात्री जेवणानंतर घरात मोठ्याने वाचावी. बंद पडद्याआडचे पुस्तक मुलापर्यंत पोचवण्याचा तो सर्वांत जुना आणि बिनखर्ची मार्ग आहे.