निवडक गाणी की संपूर्ण संगीत?
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाने सभासद-कुटुंबांसाठी जुन्या मराठी चित्रपटगीतांचा एक निवडक संग्रह तयार करावा, अशी सूचना आपल्यातील तरुण मंडळींनी केली आहे. सूचना साधी, पण तिच्यावरून आपल्या सभेत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, उत्तम तेवढे वेचून घ्यावे, उरलेले सोडावे. दुसरा म्हणतो, एका चित्रपटाचे संगीत ही एक अखंड कृती होय. तिचे तुकडे करू नयेत. या वादावर मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी संगीतज्ञ नव्हे. आयुष्यभर मुलांना कविता शिकविलेला एक शिक्षक आणि गाण्याचा एक श्रोता, एवढाच माझा अधिकार.

प्रथम निवडीच्या बाजूने बोलू. गाणी वेचून ऐकणे ही आजची खोड नव्हे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे गाणे मावत असे. त्यामुळे चित्रपटातील गाणी घरोघर आली ती सुटी सुटीच. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी लावण्याची प्रथा पडली. १९५७ साली विविध भारती आली आणि श्रोत्यांच्या पसंतीला मानाचे स्थान मिळाले. पुढे कॅसेटच्या काळात लोक आवडत्या गाण्यांची यादी दुकानदाराच्या हाती देत आणि कोरी कॅसेट भरून आणीत. २०१७ साली तर पाच हजार हिंदी गाणी आधीच भरून ठेवलेले ‘कारवाँ’ हे यंत्र बाजारात आले. ज्यांना मोबाइलची कळ सापडत नाही, त्या वृद्धांची त्याने मोठीच सोय केली.

शिवाय चित्रपटातील प्रत्येक गाणे जपण्याजोगे असते, असेही नाही. १९३२ सालच्या ‘इंद्रसभा’ या हिंदी बोलपटात सुमारे सत्तर गाणी होती. ती सर्व ओळीने ऐकण्याचा आग्रह कोणी कोणास करील, असे वाटत नाही. तात्पर्य, निवड हा अपराध नव्हे.

आता दुसरी बाजू. १९३७ सालचा प्रभातचा ‘कुंकू’ आपण आठवावा. फसवून वृद्ध बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्या लग्नाविरुद्ध निर्धाराने उभी राहते. शांता आपटे यांनी ती भूमिका केली. त्या चित्रपटात नीरेच्या तोंडी लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता आहे. केशवराव भोळे यांनी त्या चित्रपटाला निराळे पार्श्वसंगीत दिलेच नाही. प्रसंगात स्वाभाविकपणे उमटणारे ध्वनी तेवढे ठेवले. असे गाणे प्रसंगातून उपटून दहा भावगीतांच्या मध्ये लावले, तर एका मराठी बाईने इंग्रजी कविता म्हटली, एवढेच नवल शिल्लक राहते. तिच्या निर्धाराचे बळ ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

चित्रपटाबाहेरचा दाखला हवा असेल, तर गीतरामायण घ्या. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीने ते दर आठवड्यास एक या क्रमाने सादर केले. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत. कुशलवांच्या मुखाने सुरू होणारी ती एक कथा आहे. त्यातील दोनतीन गीते भक्तिगीतांच्या संग्रहात ऐकून गीतरामायण ऐकल्याचे समाधान मानणे, म्हणजे दोन स्टेशने पाहून पंढरीची वारी केली म्हणण्यापैकी आहे.

तेव्हा दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु माझ्या मते खरी हानी तुकडे केल्याने होत नाही. ती होते नावे गाळल्याने.

१९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. तबकड्या बनत होत्या दूर जर्मनीत. तेथील कामगारांना गाणारी कोण हे कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. गाण्याच्या पोटातच नाव बांधून दिले होते! उलट १९४९ सालच्या ‘महल’ची गोष्ट पाहा. त्यातील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली, आणि मग लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. श्रोत्यांच्या मताला केवढे बळ असते, हे यावरून दिसते.

आपल्याकडील दोन उदाहरणे तर फार बोलकी आहेत. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मधील ‘आधी बीज एकले’ ही रचना असंख्य लोक तुकोबांचा अभंग समजतात. ती आहे शांताराम आठवले या विसाव्या शतकातील कवीची. १९५१ सालच्या ‘अमर भूपाळी’तील ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी पुष्कळांना चित्रपटासाठी रचलेली वाटते. ती आहे पेशवाईतील शाहीर होनाजी बाळाची. वसंत देसाई यांनी तिला चित्रपटासाठी स्वरसाज चढविला. एके ठिकाणी कवीचे श्रेय संताकडे गेले, दुसऱ्या ठिकाणी शाहिराचे चित्रपटाकडे. एक ओळ छापली असती, तर दोघांनाही न्याय मिळाला असता.

बंधुभगिनींनो, याच स्मरणिकेत अकरा रुपयांच्या देणगीदाराचेही नाव आपण छापतो. ते चुकून राहिले, तर पुढल्या सभेत केवढा गहजब होतो, ते चिटणीसांना विचारा. मग ज्याचे शब्द आपल्या घरात पहाटे आणि लग्नकार्यात पिढ्यान्‌पिढ्या घुमत आले, त्याचे नाव आपण कोणत्या न्यायाने गाळावे?

म्हणून संग्रह अवश्य व्हावा. मात्र माझ्या चार सूचना आहेत. पहिली, प्रत्येक गाण्याबरोबर चित्रपट, वर्ष, कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे द्यावीत, आणि गाणे कोणत्या प्रसंगी येते ते एका वाक्यात सांगावे. दुसरी, जुन्या गाण्यांची नव्या आवाजातील आवृत्ती घेतल्यास तसे स्पष्ट लिहावे. तिसरी, सुट्या गाण्यांबरोबर निदान एका चित्रपटाची सर्व गाणी क्रमाने द्यावीत. चौथी, रीतसर परवानगी घ्यावी. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो. परंतु शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. माडगूळकर १९७७ साली निवर्तले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत अबाधित आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर कवी आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा कायद्याने राखून ठेवला आहे. गाणी जुनी, म्हणून ती फुकटची, हा समज सोडला पाहिजे. परवानगीस खर्च येईल हे खरे. पण तेवढ्यासाठी गाणी कमी घ्यावी लागली तरी चालतील.

या अटींवर निवडीचा आग्रह धरणारे आणि संपूर्णतेचा आग्रह धरणारे एकत्र येऊ शकतील, असा मला भरवसा वाटतो. एखाद्या मुलीने संग्रहातील गाणे ऐकावे, खालची ओळ वाचावी आणि ‘आजोबा, हा सबंध चित्रपट पाहू या का?’ असे विचारावे, म्हणजे दोन्ही पक्ष जिंकले. कार्यकारी मंडळाने या सूचनांचा विचार करावा, अशी विनंती आहे.