शिष्यवृत्ती ही भीक नव्हे

(अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, सेवाभावी क्लबाच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर वाचकांसाठी लिहून काढला आहे.)

महाविद्यालयात जाणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांस मदत देण्याचा हा समारंभ होता. वकिलाने चार शब्द कौतुकाचे बोलावेत व हार स्वीकारून परत जावे, एवढीच संयोजकांची अपेक्षा असावी. परंतु माझ्या आधी एका मुलीस व्यासपीठावर बोलाविण्यात आले. तिचे आईबाप ऊसतोडीस जातात, घरी शेत नाही, ही सर्व हकीकत ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आली. नंतर तिच्या हाती पाच हजारांचा धनादेश देऊन छायाचित्रे काढण्यात आली. मुलीने एकदाही मान वर केली नाही. ते पाहून मी लिहून आणलेले भाषण बाजूस ठेवले आणि जे बोललो ते आता तुमच्यापुढे मांडीत आहे.

सेवा-क्लबांविषयी माझ्या मनात अढी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. १९०५ साली शिकागो शहरात रोटरीची व १९१७ साली अमेरिकेतच लायन्सची चळवळ सुरू झाली. आज या दोन्हींच्या शाखा आपल्या जिल्ह्यातही आहेत. रक्तदान, नेत्रचिकित्सा शिबिरे, शाळेस बाके, वह्यापुस्तके इत्यादी कामे ही मंडळी करतात. पोलिओच्या निर्मूलनासाठी रोटरीने १९८५ पासून केलेले कार्य तर जगाने मान्य केले आहे. तेव्हा प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. मदत कोणत्या रीतीने दिली म्हणजे घेणारा ताठ मानेने उभा राहतो, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर या शिक्षकाने त्यांस स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे त्याच केळूसकरांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचा मार्ग मोकळा झाला. १९१३ साली महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंड देऊन त्यांस अमेरिकेस धाडले. त्यासाठी रीतसर करार झाला होता. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, अशी त्यात अट होती. तो दोन पक्षांमधील व्यवहार होता. त्यात कोणी कोणाची गरिबी गावभर सांगितली नाही.

पण पुढील भागही ध्यानात घ्या. १९१७ साली करार पाळण्यासाठी डॉ. बाबासाहेब बडोद्यास गेले, तेव्हा त्या विद्वानास राहावयास खोली मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते, तेथूनही त्यांस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकून लावले. शिष्यवृत्तीने न्यूयॉर्क गाठता आले, परंतु बडोद्यात डोक्यावर छप्पर मिळाले नाही. यावरून असे दिसते की, फी भरली म्हणजे शिक्षणाची सोय झाली असे होत नाही. विद्यार्थ्यास जागा लागते आणि मानानेही राहावयास मिळावे लागते. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभीच सोलापुरास वसतिगृह काढले, ते याच जाणिवेने. १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याचे वर्ग सकाळी भरविण्यात आले. दिवसा चाकरी करणाऱ्याने कधी शिकावे, याचा विचार त्यामागे होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांचा मार्गही हाच. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एका पंगतीस जेवली आणि अंगमेहनत करून शिकली. त्याच संस्थेची महाविद्यालये पुढे आपल्या जिल्ह्यात १९६० साली श्रीरामपुरास, १९६४ साली कर्जतला व १९६५ साली कोपरगावी निघाली. अकोल्यापासून जामखेडपर्यंत पसरलेल्या चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात, जो क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे, घराजवळ महाविद्यालय असणे म्हणजे काय हे खेड्यातील मुलीच्या बापास विचारावे.

आता कायद्याकडे वळतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. राज्यघटनेच्या ४६ व्या अनुच्छेदाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. धर्मांतरानंतर मात्र आपल्या मुलांवर विचित्र प्रसंग आला. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश प्रथम हिंदूंपुरता होता व १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या सवलतींस मुकलो. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य शासनाने नवबौद्धांस सवलती दिल्या, तरी केंद्राचे दार १९९० च्या दुरुस्तीपर्यंत बंदच राहिले. चौतीस वर्षे ! जी गोष्ट मिळविण्यास एक पिढी झगडली, तिला भीक कोण म्हणेल ?

हक्क कागदावर आला. तो हाती पडण्यास मात्र अजून कागदच आडवे येतात. जातीचा दाखला हवा, त्यात मूळ जातीची नोंद हवी. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा, आणि पुढे पडताळणी समितीचे प्रमाणपत्र हवे. ज्याचा आजोबा शाळेतच गेला नाही, त्याने हा पुरावा कोठून आणावा ? गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, एखाद्या चुलत आजोबाचा शाळेचा उतारा यांतून तो काढावा लागतो. हे काम जाणत्या माणसाचे आहे. आईबाप सहा महिने फडावर असलेल्या मुलीचे नव्हे.

दुसरी अडचण तारखांची. प्रवेशाचे पैसे जून-जुलैत भरावयाचे आणि शिष्यवृत्ती हाती पडावयाची त्यानंतर कित्येक महिन्यांनी. मी विधि महाविद्यालयात होतो, तेव्हा हे अंतर माझ्या आईने कानातले गहाण ठेवून भरून काढले. ते कानातले सुटले नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलास धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १४२ व्या अनुच्छेदाखालील आपला अधिकार वापरून त्यास प्रवेश देवविला. न्याय झाला, हे खरे. परंतु साडेसतरा हजारांसाठी दिल्लीपर्यंत किती जण जाऊ शकतील?

म्हणून क्लबाच्या सभासदांस मी तीन गोष्टी सुचविल्या. पहिली, दान वाटण्याऐवजी बिनव्याजी फिरता निधी उभारा. जूनमध्ये फी भरावी, शिष्यवृत्ती आली म्हणजे विद्यार्थ्याने रक्कम परत करावी, व तीच पुढील वर्षी दुसऱ्याच्या कामी यावी. दुसरी, दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच दाखल्यांची शिबिरे भरवा. तुमच्यात वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये दाखला ठराविक मुदतीत मिळण्याचा नागरिकास हक्क आहे, आणि तो बजावण्यास त्यांची मदत होईल. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. तिचे अर्जही तेथेच भरावेत. तिसरी, तुमच्यापैकी अनेकांची शहरात घरे आहेत. जात न विचारता विद्यार्थ्यांस खोल्या भाड्याने द्या. यास एक पैसाही वर्गणी लागणार नाही, पण १९१७ च्या बडोद्याचे उत्तर त्यात आहे.

आणि छायाचित्र काढावयाचेच असेल, तर ती मुलगी पदवीधर झाल्यावर, तिची परवानगी घेऊन काढा.

सभा काही क्षण स्तब्ध होती. नंतर क्लबाच्या अध्यक्षांनी उठून, पुढील वर्षापासून मदत व्यासपीठावर दिली जाणार नाही, असे जाहीर केले. फिरत्या निधीचा विचार बैठकीत करू, असेही ते म्हणाले. तो विचार झाला की नाही, हे मी त्यांस विचारीत राहणार आहे.

वाचकहो, हे सांगणे क्लबापुरते नाही. आपल्यापैकी जे शिष्यवृत्तीवर शिकून वकील, शिक्षक, कारकून झाले, त्यांनीही हाच हिशेब स्वतःशी मांडावा. आपल्या विहारात रविवारी वंदना होते. ती झाल्यावर एक तास थांबून दोन मुलांचे अर्ज भरून देण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. सभा संपल्यावर ती मुलगी दाराशी उभी होती. तिने मला एवढेच विचारले, "सर, पडताळणीचा अर्ज कुठं करायचा ?" तिला धनादेशापेक्षा या उत्तराची गरज अधिक होती. तुमच्या गावातही असा प्रश्न विचारणारे कोणी असेल. त्यास उत्तर द्या.