तीन बोटं

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा विद्यापीठाच्या वसतिगृहातून सुट्टीला आला. ठेचा भाकरीवर थापून खाणारा हा मुलगा पहिल्याच घासाला पाणी मागू लागला. तोंडाची आग होते म्हणाला. दंतवैद्यांकडे नेलं. ‘तीन बोटं उभी धरून तोंडात घाल,’ ते म्हणाले. दोनच गेली.

‘मामू, तंबाखू मी शिवत नाही. रात्री अभ्यासाला फक्त सुपारी,’ तो म्हणाला. पण हा रोग सुपारीचाच. गालाच्या आतलं मऊ अस्तर ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. डॉक्टरी भाषेत सबम्युकस फायब्रोसिस. सुपारी सोडली तर तो रोखता येतो, पण गेलेला मऊपणा पुरता परत येत नाही. पुढं कर्करोगाचीही भीती असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. साधी सुपारी मात्र कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळते.

त्याची बहीणही वसतिगृहात राहते. ती रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करते, हा करत नाही. विद्यार्थ्यांच्या देशोदेशीच्या पाहण्यांतही बहुधा हेच दिसतं : मुली दातांची काळजी अधिक घेतात, मुलं दुखेपर्यंत थांबतात. पण तिचंही एक चुकत होतंच. हिरडीतून रक्त येतं म्हणून त्या बाजूला ती ब्रशच लावत नव्हती. रक्त बहुतेक वेळा साचलेल्या थरामुळं येतं. तिथंच मऊ ब्रश हलक्या हातानं फिरवायला हवा. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचं घासणं चुकवू नये. फ्लोराइडची पेस्ट आणि दोन मिनिटं, एवढाच खर्च.

माझी अम्मी जन्मभर मशेरी लावत होती. दात साफ होतात, ही समजूत. मशेरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू, हे तिला कुणी समजावलं नाही. ती निरक्षर होती. भाचा पदवीधर आहे, आणि मामा बी. ए. झालेला. दर सुट्टीत मी त्याचे गुण विचारले. तोंड उघडून दाखव, असं एकदाही म्हटलं नाही.

आता तो रोज आरशासमोर उभा राहून तोंड उघडण्याचा व्यायाम करतो. सुपारी सुटली आहे. तिसरं बोट अजून जात नाही.

तुमचंही कुणी वसतिगृहातून घरी येईल. ‘जेवलास का?’ हे विचारालच. जेवण झाल्यावर तीन बोटांचंही विचारा.