आधी ‘अर्थ’ तपासा
(दहावीच्या १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील माझी वाटचाल’ हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. सकाळी फाटकाजवळच्या हिरव्या जीपसोबत तुम्ही सगळ्यांनी फोटो काढलेत. त्या जीपच्या डॅशबोर्डवरच्या पाच मीटरांबद्दल मी बोलणार आहे. शेवटी एका माणसाची माफीही मागायची आहे, म्हणून थोडा धीर धरा.

जीप माझ्या बाबांची. १९८४ साली त्यांनी ती लाकडाच्या एका ठेकेदाराकडून घेतली. त्याने ती लष्कराच्या लिलावातून आणली होती. आपल्याकडे अशा गाडीला ‘डिस्पोजलची जीप’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. पुढे महिंद्रांनी मुंबईत याच घराण्यातल्या जीप जोडायला आणि मग बनवायला सुरुवात केली. त्यामुळे सुटे भाग मिळत राहिले आणि अशा गाड्या टिकल्या. आमच्या जीपमध्ये काय युद्धातलं आणि काय नंतर बसवलेलं, हे बाबांनाही नीट सांगता येत नसे.

बाबा बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्लीपर्यंत जायचे. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. आष्टीला वैनगंगा ओलांडली की पुढे जंगल. तिथे पेट्रोल संपलं तर रात्र गाडीतच काढायची. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. बाबांनी एका बांबूच्या काठीवर खाचा पाडल्या होत्या. निघण्याआधी सीट उचलायची, झाकण काढायचं, काठी बुडवायची. मी एकदा विचारलं, “बाबा, मीटर आहे ना?” ते म्हणाले, “मीटर सांगते ते ऐकायचं, काठी सांगते ते मानायचं.” मला ते जुनाट वाटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. जीप शेडमध्ये पडून होती. भावाचं म्हणणं, विकून टाकू. पुण्याचा एक हौशी गिऱ्हाईकही मिळाला. त्याची अट एकच, डॅशबोर्ड नव्यासारखा हवा. मी आधी गाडी रंगवून घेतली. रंगकाम झालं आणि पेट्रोलचा काटा ‘फुल’वर जाऊन बसला, हलेना. काठी बुडवली तर टाकीत जेमतेम दोन लिटर. मी ठरवून टाकलं की मीटर गेला, आणि सगळेच मीटर नवे मागवायचं ठरवलं. फक्त बसवून देणारा कोणी हवा, म्हणून मूल रोडवरच्या एका गॅरेजात गेले. तिथे भेटला आपल्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा मित्र. “माह्यं नाव घेऊ नको,” असं त्याने बजावलं आहे, म्हणून घेत नाही.

त्याने मीटरला हातच लावला नाही. सीट उचलली, टाकीवर बसवलेल्या फ्लोटच्या युनिटची तार काढली आणि ती पाना टेकवून थेट चॅसीला लावली. काटा सरकन ‘एम्प्टी’वर आला. तार हवेत धरली, काटा परत ‘फुल’वर. “मीटर चांगला हाय,” तो म्हणाला, “तुह्या पेंटरनं अर्थ मारली.”

झालं होतं असं. फ्लोट वरखाली होतो तसा त्या युनिटचा रोध बदलतो आणि त्यावर काटा चालतो. पण त्यासाठी युनिटचा टाकीशी आणि टाकीचा चॅसीशी धातूला धातू असा संबंध लागतो. नव्या रंगाचा थर मध्ये आला आणि तो संबंध तुटला. आमच्या जीपमधल्या मीटरला तुटलेली तार म्हणजे भरलेली टाकी. काही बनावटींमध्ये हे उलटं असतं आणि काटा रिकाम्याकडे पडतो. ते बरं, माणूस सावध तरी होतो. मित्राने बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासला, वेगळी एक अर्थची तार जोडली. वीस मिनिटांत काम झालं. “आदी अर्थ पाय, मंग मीटर बदल,” हे त्याचं वाक्य. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, गॅरेजमधला ‘अर्थ’ आणि तुम्ही कवितेखाली लिहायला लावायचात तो ‘अर्थ’, दोन्ही सुटले की पंचाईतच.

मला हे ऐकून घाम फुटला, कारण ही चूक मी नोकरीतही केली आहे. आमच्या कामात ‘डॅशबोर्ड’ म्हणजे सर्व्हरची तब्येत दाखवणारा पडदा. एका रात्री तो पूर्ण हिरवा होता आणि ग्राहकांची कामं मात्र बंद. आकडे गोळा करणारा प्रोग्रामच बंद पडला होता आणि पडदा सहा तासांपूर्वीचे आकडे दाखवत राहिला होता. बंद पडलेला मीटर त्रास देतो. ‘सगळं ठीक’ दाखवत अडकलेला मीटर घात करतो.

मग पुढचे चार रविवार आम्ही उरलेले मीटर पाहिले.

ऑइल प्रेशरच्या मीटरमध्ये वीज नाहीच. इंजिनातलं ऑइल बारीक नळीतून थेट मीटरपर्यंत येतं. आत एक वाकडी, चपटी नळी असते. महाकालीच्या यात्रेत कागदी पिपाणी मिळायची, फुंकली की उलगडणारी, अगदी तशी ती दाबाने किंचित सरळ होते आणि काटा ओढते. आमची नळी जोडाजवळ झिरपत होती. नळी बदलली, मीटर तोच ठेवला.

टेंपरेचरचा मीटर मात्र वाचला नाही. त्याची बारीक तांब्याची नळी आणि टोकाचा बल्ब हा एकच बंद संच असतो. आत उडून जाणारा द्रव भरलेला असतो आणि इंजिन तापलं की त्याच्या वाफेचा दाब काटा हलवतो. नळी कुठे चिरली की द्रव गेला. तिथे अर्थ तपासून उपयोग नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ च्या वर जातो, तिथे हा मीटर नसलेली गाडी चालवणं म्हणजे इंजिन गमावणं. तो आम्ही नवा बसवला.

अँमीटरमधून गाडीचा बहुतेक सगळा प्रवाह जातो. त्याच्या मागचे नट ढिले असतील तर तिथेच तापून आग लागू शकते. त्यामुळे बॅटरीची तार सोडल्याशिवाय डॅशबोर्डमागे हात घालायचा नाही. आमच्या अँमीटरचे नट बोटाने फिरत होते. साफ करून घट्ट केले.

स्पीडोमीटरचा काटा थरथरत होता. त्यात फिरणारं एक चुंबक असतं, त्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी आणि तिला मागे खेचणारी केसासारखी स्प्रिंग. दोष तिथे नव्हता. गिअरबॉक्सकडून येणारी केबल कोरडी पडली होती. ग्रीस लावल्यावर थरथर थांबली.

एका ठिकाणी मात्र मीही त्याला थांबवलं. तबकडी पिवळट झाली होती आणि तो काच उघडून आकड्यांवरचा रंग खरवडणार होता. युद्धकाळातल्या काही लष्करी मीटरांवर अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग देत. कालांतराने चमक जाते, पण रेडियम राहतं. ते निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या असा रंग देऊन रंगवणाऱ्या मुली ओठांनी ब्रशला टोक काढायच्या. त्यांतल्या कित्येकींचे जबडे सडले, कित्येकी दगावल्या. आमच्या तबकडीवर तो रंग आहे की नाही, हे डोळ्यांनी कळणार नाही. म्हणून काच बंदच ठेवली. जुनी तबकडी कोणाकडे असेल तर खरवडू नका, तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नका.

गिऱ्हाईक येऊन पाहून गेला. तो म्हणाला, स्पीडोमीटरही नवा टाका, मैलांचा आकडा शून्यापासून सुरू होईल, किंमत चांगली येईल. भाऊ माझ्याकडे पाहायला लागला. त्या आकड्यात बाबांच्या आलापल्लीच्या सगळ्या फेऱ्या आहेत. मी नाही म्हणाले. भाऊही काही बोलला नाही. तो व्यवहार तिथेच संपला.

आता माफीचं. आठवीत असताना विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला एक अँमीटर उघडलेला सापडला होता. सरांनी विचारलं आणि मी शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. मी वर्गात पहिली, माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही. त्याने मार खाल्ला, दंडही भरला. गॅरेजमधल्या चौथ्या रविवारी मी धीर करून विचारलं, “तू तो का उघडला होतास?” हातातला पाना न थांबवता तो म्हणाला, “काटा अडकला होता. तुह्याच टेबलाचा होता, तुह्यं रीडिंग येत नव्हतं.”

त्या दिवशी मी त्याला एक शब्द विचारला असता तर पुरे होतं. मी अर्थ न तपासता माणूस बाद ठरवला. मित्रा, एकतीस वर्षं उशीर झाला. आज सरांसमोर, सगळ्यांसमोर मी तुझी माफी मागते.

दुपारी जेवणानंतर ज्यांना जीपमधून चक्कर मारायची आहे त्यांनी फाटकाजवळ यावं. गाडी तोच चालवणार आहे. काटा अर्ध्यावर आहे, आणि मी काठीनेही पाहून घेतलं आहे.